अर्धा कोयता, चार चौकटी

ताई,

मी २७ वर्षांची आहे. एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) केलंय, केज तालुक्यातल्या एका खासगी शाळेत तासिका तत्त्वावर चित्रकला शिकवते. माझी आई दोन हंगाम ऊसतोडीला गेली होती, मावशी अजून जाते. गेल्या दिवाळीनंतर मावशीच्या टोळीबरोबर मी पंधरा दिवस कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीत, राहून आले. वही भरून चित्रं काढली, बायका जे बोलल्या तेही लिहून घेतलं. आता त्याची चित्रकथा करायची आहे. बातमीसारखी खरी, रचलेली नाही.

एका दैनिकाच्या कचेरीत वही घेऊन गेले. तिथले साहेब म्हणाले, "फोटो आणि दोनशे शब्द द्या, बघू. चित्रं बालपुरवणीत चालतील." घरी दीर विचारतो, "वहिनी, कार्टून काढून कुणी पत्रकार होतं का?" नवरा काहीच बोलत नाही.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. असं काम बायका करतात का, की मीच खुळी? माझ्या चित्रातले हात जमत नाहीत, माणसं लाकडी दिसतात, तरी करावं का? आणि तिसरी अवघड आहे. एका बाईनं गर्भाची पिशवी काढल्याचं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे येऊन म्हणाली, "ते राहू दे माय, नको लिहू." माझ्या वहीतलं सगळ्यांत चांगलं पान नेमकं तेच आहे. काय करू?

– एक चित्रकला शिक्षिका

*

प्रिय बाई,

तुझा तिसरा प्रश्न आधी घेते. पहिल्या दोन्हींची उत्तरं मिळाली नाहीत तरी तुझं काम अडणार नाही. याचं मिळालं नाही तर अडेल.

ते पान छापायचं नाही. फाडायचंही नाही. वहीत राहू दे.

हे मी सोवळेपणानं सांगत नाही. मी एका दैनिकात पुरवणीची मांडणी करायचे, जागा उरली की चित्रही काढायचे. सप्टेंबर १९९३ मध्ये किल्लारीचा भूकंप झाला. चार दिवसांनी बातमीदारांच्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसून मीही गेले. एका पडलेल्या घरापुढं एक म्हातारी परातीत पीठ मळत होती. मागं घर नव्हतं, पुढं चूल नव्हती, आणि ती मळत होती. मी समोर बसून चित्र काढलं. तिनं एकदा मान वर करून पाहिलं, बोलली नाही. न बोलण्याला मी होकार समजले. चित्र छापून आलं पाककृतीच्या सदराशेजारी, माझ्या नावाशिवाय. त्याचा राग मी वर्षभर धरून होते. त्या बाईचंही नाव मी विचारलं नव्हतं, हे लक्षात यायला मात्र पुढची दहा वर्षं गेली. चित्र चांगलं होतं. अजून माझ्याकडे आहे आणि मी ते कुणाला दाखवत नाही.

तुझी बाई तर बोलली. पहाटे उठून, कामाच्या घाईत, मुद्दाम तुझ्याकडे येऊन बोलली. कोपीवरची पहाट म्हणजे तीन-चारची, हे तुला माझ्याहून जास्त माहीत. त्या वेळी ती भाकरी टाकायची सोडून आली, यावरून समज.

एक मात्र कर. तिला पुन्हा भेट. वही न घेता जा आणि एकदाच विचार, "तुला कशाची भीती वाटली?" ती नवऱ्याचं नाव घेईल, टोळी नेणाऱ्या मुकादमाचं घेईल, सासूचं घेईल, किंवा म्हणेल, "भीती कसली, मला नाही सांगायचं." शेवटचं उत्तर आलं तर विषय संपला, चहा पी आणि परत ये. मुकादम म्हणाली, तर तो प्रश्न तिच्या एकटीचा नाही, तुझाही आहे. पत्र वाचताना मला सगळ्यांत जास्त काळजी इथंच वाटली.

बघ कसं आहे. तुझं नाव छापलं की मावशी कळते. मावशी कळली की टोळी कळते, टोळी कळली की त्या टोळीतली पिशवी काढलेली बाई कोण हे सांगायला गावात कुणाला चित्र लागत नाही. तू चेहरा बदलशील, पण हातावरचं गोंदण तसंच काढशील, कारण ते तुला सुंदर दिसलं असेल. कोपीच्या दाराशी बांधलेली शेळी तशीच काढशील. चार मुली आणि सर्वांत धाकटा मुलगा, हेही ठेवशील. ओळख चेहऱ्यातच असते हा शहरातल्या माणसाचा समज आहे. आपल्याकडे माणूस चालीवरून आणि खोकल्यावरून ओळखतात. मावशीच्या घरानं उचल, म्हणजे हंगामाचे आगाऊ पैसे, घेतलेली असणार, ती फिटेपर्यंत मुकादमाशी वैर कुणाला परवडणारं नाही. म्हणून त्या बाईच्याही आधी मावशीला विचार: "माझ्या नावानं हे छापलं तर तुला त्रास होईल का?" होईल म्हणाली तर दुसऱ्या टोळीत, दुसऱ्या तालुक्यात जाऊन नव्यानं काम कर, नाहीतर टोपणनाव घे. टोपणनाव घेण्यात कमीपणा नाही.

आणि दोन बायकांची हकिगत एकीच्या तोंडी घालून 'खरी गोष्ट' म्हणू नकोस. तो मोह होतो, कारण कथा मग गोळीबंद होते. केलंस तर पानाच्या तळाशी तसं लिही. एखादीनं मुकादमानं किंवा आणखी कुणी बलात्कार केल्याचं सांगितलं असेल तर कायदा आणखी कडक आहे. बलात्कार झालेल्या बाईची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चित्रातूनही ओळख उघड होतेच.

आता, ते पान गेलं म्हणून पिशवीचा विषय गेला का? नाही ना. तो त्या एकीचा नव्हताच. २०१९ मध्ये बातम्या आल्यावर सरकारनं समिती नेमली. तिच्यापुढं आलेली आकडेवारी अशी होती: बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. भागाकार कर, साधारण सहांत एक. ज्या टोळीत तू पंधरा दिवस राहिलीस तिथं सांगू न शकणारी एक होती, तशी सांगू इच्छिणारीही कुठंतरी असेल. तिला शोध.

इथं तुला मोना चलाबीचं काम दाखवावंसं वाटतं. ही ब्रिटिश बाई आकड्यांची चित्रं हातानं काढते. संगणकाचे गुळगुळीत आलेख नसतात, रंगाचे ओघळ दिसतात. जेफ बेझोसची संपत्ती डोळ्यांपुढं कशी आणायची यावर तिनं काढलेल्या चित्रांना पत्रकारितेचं २०२३ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. तुझ्या १३,८६१ चं काय करशील? मी असते तर डोक्यावर मोळी घेऊन ट्रॅक्टरकडे चाललेल्या सहा बाया पाठमोऱ्या काढल्या असत्या, ओळीनं, आणि त्यांतल्या एकीचा हात कमरेवर. शब्द नको. कुठलाही गोंदलेला हात, कुठलीही शेळी नको. या पानाला कुणाची परवानगी लागणार नाही.

बातमी म्हणतेस, तर बातमीचं कष्टाचं कामही करायला हवं. बाई म्हणाली "डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली", तर तो तिचा शब्द झाला. दवाखान्यातून घरी सोडताना दिलेला कागद थैलीत, पत्र्याच्या पेटीत, कुठंतरी असतो. तो बघायला माग. तारीख, वय, कारण टिपून घे. मग दवाखान्यातही जा, त्यांचं म्हणणं विचार. नाही बोलले तर 'बोलले नाहीत' असं लिही. दवाखान्याचं नाव घ्यायचं की नाही हे कागद किती भक्कम आहेत त्यावर ठरेल आणि ते वकिलाला विचारून. तुझ्या माध्यमाची एक गंमत सांगते, तो कागद तू चौकटीत जसाच्या तसा काढू शकतेस, घड्या, हळदीचा डाग आणि सगळं. फक्त नावावर बोट ठेवलेलं काढ.

आणि खाडा समजावून सांग. बीडबाहेरच्या वाचकाला वाटतं बाया अडाणी म्हणून ऑपरेशन करून घेतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल त्या जोडीवर, आणि कामावर न जाणं म्हणजे खाडा, त्याचे पैसे उलटे कापले जातात, हे कळल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. पाळीच्या दिवसांत फडावर ना आडोसा ना पाणी. अंगावरून जायला लागलं की दवाखाना, दवाखाना म्हणजे खाडा, खाडा म्हणजे उचल वाढणार. शेवटी एकदाचं काढून टाकलं की सुटलो, असा हिशेब बसतो. आणि बाई एकटी असली तर ती अर्धा कोयता. हा शब्द तुझ्या वहीत असेलच. तुझ्या चित्रकथेचं नाव तिथंच पडलंय असं मला वाटतं, पण ते तुझं तू ठरव.

*

आता हातांचं. तुझा हा प्रश्न वाचून हसू आलं, रागावू नकोस. एटीडीच्या पोरी सगळ्या हेच विचारतात.

रचिता तनेजा नावाची मुलगी २०१४ पासून इंटरनेटवर राजकीय कॉमिक काढते. तिची माणसं म्हणजे काड्या. वर गोल, खाली रेघ. तुझ्या पाचवीतल्या पोरानं काढली तर तू पाचपैकी दोन देशील. त्या काड्या इतक्या टोचल्या की २०२० मध्ये तिच्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई करायला देशाच्या महान्यायवादींनी संमती दिली. २०२४ मध्ये तिला व्यंगचित्रातल्या धाडसासाठीचा कोफी अन्नान पुरस्कार मिळाला. काड्या अजून काड्याच आहेत.

पण तुझ्यासाठी मला खरी आठवली ती केट बीटन. कॅनडाच्या पूर्व टोकाला केप ब्रेटन म्हणून बेट आहे. तिथं काम नाही, म्हणून पिढ्यान् पिढ्या माणसं पोट भरायला बाहेर जातात. हे तुला ओळखीचं वाटेल. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर घेऊन ही २००५ मध्ये पश्चिमेला आल्बर्टात गेली, तेलयुक्त वाळूच्या खाणींवर. हजारो पुरुष, बाया बोटांवर मोजण्याएवढ्या. कॅम्पात राहणं, अंगावर येणाऱ्या नजरा आणि त्याहून वाईट बरंच काही. कर्ज फेडून परत आली. विनोदी कॉमिकसाठी तिचं नाव झालं, पण हा अनुभव तिनं लगेच मांडला नाही. २०१४ मध्ये त्यातला एक छोटा भाग कच्च्या रेखाटनात इंटरनेटवर टाकला, बस. पूर्ण पुस्तक, 'डक्स', आलं २०२२ मध्ये. चारशेवर पानं. चेहरे साधे, टिंबाटिंबांचे डोळे. पण अवजड यंत्रं, बर्फ, कॅम्पातले लांबच लांब बोळ बारकाईनं काढलेले, म्हणजे माणूस त्यात किती एवढासा हे न सांगता कळतं. पुढच्या वर्षी त्या पुस्तकानं 'कॅनडा रीड्स' ही तिथली वाचकप्रिय स्पर्धा जिंकली, आणि चित्रकथेला ती पहिल्यांदाच मिळाली. तिनं त्रास देणाऱ्या पुरुषांना राक्षस केलं नाही, हे मला त्यात सगळ्यांत आवडलं. तेही घर सोडून आलेले, तेही कर्जातले. तुझ्या मुकादमाबद्दल विचार करताना हे ध्यानात ठेव. तोही कुणाचा तरी देणेकरी असतो.

तर लाकडी माणसं. ती लाकडी का दिसतात माहीत आहे? तू त्यांना उभं करतेस म्हणून. फडात कुणी नुसतं उभं नसतं. मोळी उचलताना आधी गुडघा जातो का कंबर? चुंबळ डोक्यावर बसवताना मान कुठं वळते? ट्रॅक्टरला लावलेल्या फळीवरून चढताना पायाची बोटं कशी धरतात? हे बघून काढ, माणूस आपोआप वाकेल. हात रिकामा काढायला सगळ्यांनाच जड जातो, त्याला कोयता दे, भाकरी दे, पाचटानं कापलेल्या बोटाला चिंधी बांध. तू पोरांना इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेसाठी स्मरणचित्र शिकवतेस ना? तुला करायचं आहे ते बव्हंशी तेच आहे. फरक एवढाच की आठवण दुसऱ्याची आहे, म्हणून ती विचारून घ्यावी लागते.

विचारायचं कसं, हीच यातली विद्या. लिहिणारा बातमीदार विचारतो, "मग काय झालं?" तुला विचारावं लागेल, "तेव्हा तू कुठं बसली होतीस? दार डाव्या हाताला का उजव्या? दिवा होता का? अंगावर काय होतं? नवरा आत होता की बाहेर?" हे प्रश्न खुळचट वाटतात, पण बायका त्यांना उत्तरं देतात, कारण असं कुणी विचारलेलंच नसतं. सारा ग्लिडन ही अमेरिकन चित्रकार २०१० मध्ये पत्रकार मित्रांबरोबर तुर्कस्तान, सीरिया, इराक फिरली. रेकॉर्डर सतत चालू. परत येऊन ती बोलणी कागदावर उतरवली, मग जलरंगात पानं काढली. पुस्तक यायला २०१६ उजाडलं. त्यात निर्वासितांइतकेच ते पत्रकारही आहेत, कुणाला काय विचारतात, कुठं चुकतात, कुठं गोष्ट आपल्याला हवी तशी वळवू बघतात. तुझ्या चित्रकथेत तूही असायला हवीस, त्या कोपीत वही घेऊन बसलेली, मावशीच्या भाकरीवर जगलेली. वाचकाला कळू दे की हे कुणाच्या डोळ्यांनी दिसतंय.

एक फायदा तुझा असा आहे की तो लेखकाला नाही. पेन्सिलीचं पान घेऊन तू पुन्हा फडावर जाऊ शकतेस. ज्या बाईला अक्षर येत नाही तिला लेख दाखवून "हे चालेल का?" विचारणं म्हणजे तिला फसवणंच आहे. चित्र ती वाचते. "मोळी अशी नाय धरत," म्हणेल. "माझं लुगडं एवढं फाटकं काढू नको," म्हणेल. ऐक. लुगडं शिवून दे.

*

बायका हे करतात का? करतात, आणि 'बायका करतात का' हा प्रश्न त्यांना दर पिढीला नव्यानं विचारला जातो.

फ्रान्समध्ये अँगुलेम इथं कॉमिक्सचा मोठा महोत्सव भरतो. जीवनगौरवासारखा तिथला सर्वोच्च मान असतो. २०१६ मध्ये त्यासाठी ३० नावांची यादी निघाली. एकही बाई नाही. बाई-चित्रकारांच्या संघटनेनं बहिष्काराची हाक दिली, यादीतल्या काही पुरुषांनी आपली नावं काढून घ्यायला सांगितली, आयोजकांना माघार घ्यावी लागली. त्यानंतर जपानची रुमिको ताकाहाशी, कॅनडाची ज्युली दुसे, इंग्लंडची पोझी सिमंड्स यांना तो मान मिळाला. म्हणजे बाया होत्या, यादी करणाऱ्याला दिसत नव्हत्या.

तुझ्या दिराला फाहमिदा अझीमबद्दल सांग. बांगलादेशात जन्मलेली, अमेरिकेत वाढलेली चित्रकार. चीनच्या छावणीतून सुटलेल्या झुमरत दावूत या उइगर बाईची हकिगत तिनं इतर तिघांबरोबर चित्रांतून मांडली आणि २०२२ मध्ये पत्रकारितेचं पुलित्झर घेतलं. बालसाहित्याचं नव्हे. त्या छावणीत कॅमेरा जात नाही. तुझ्या साहेबांना फोटो हवाय, ठीक आहे, पण ऑपरेशन झाल्यावर पंधराव्या दिवशी मोळी उचलणाऱ्या बाईचा फोटो त्यांच्याकडे आहे का? त्या दिवशी तिथं कुणी नव्हतं. ती आठवण आता फक्त चित्रातच येऊ शकते.

आपल्याकडचंही बघ. १९८० च्या दशकात मुंबईच्या एका रविवारच्या इंग्रजी पत्रात मंजुळा पद्मनाभन यांच्या चित्रपट्टीतली सुकी यायची, विस्कटलेल्या केसांची, कुणाचीच बायको-आई नसलेली. त्या काळच्या मराठी व्यंगचित्रातली बाई बहुतेक वेळा लाटणं घेऊन दाराआड उभी असायची, नाहीतर खिडकीत. (मीही लाटणी काढली आहेत. पैसे मिळायचे.) माया कामत रोजच्या रोज राजकीय व्यंगचित्रं काढत होत्या, त्यांचं काम मुंबईत 'स्पॅरो' या स्त्रियांच्या अभिलेखागारानं जपून ठेवलंय, कधी गेलीस तर बघ. पुण्यात जन्मलेली, गोव्यात वाढलेली अमृता पाटील २००८ मध्ये 'करी' ही चित्रकादंबरी घेऊन आली. जोतीरावांच्या 'गुलामगिरी'वर चित्रकथा झाली आहे, तिची चित्रं अपराजिता निनन या मुलीची. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर १४ जणींनी मिळून आपापल्या चित्रकथा केल्या, त्यांचं पुस्तक 'झुबान' या प्रकाशनानं २०१५ मध्ये काढलं.

यादी पुरे. एकीपाशी मात्र थांबते. दुर्गाबाई व्याम. मध्य प्रदेशातल्या परधान गोंड, लहानपणी आजीकडून डिगना शिकलेल्या, म्हणजे सारवलेल्या भिंतीवर नि अंगणात काढायची नक्षी. त्यांनी आणि त्यांचे पती सुभाष यांनी 'भीमायन'ची चित्रं काढली, बाबासाहेबांवरची. २०११ चं पुस्तक. त्यांना कॉमिकच्या चौकटी दाखवल्या तर त्यांना त्या पटल्या नाहीत, माणसांना डबीत कोंबल्यासारखं वाटलं. म्हणून त्या पानांत चौकटीच नाहीत, डिगनाच्या पट्ट्या वळणं घेत पान विभागतात. आणि बोलण्याचे फुगे बघ: सौम्य माणसाचं बोलणं पाखराच्या आकारात, आणि विषारी बोलणं आलं की फुग्याला विंचवाची नांगी. महाडच्या तळ्याच्या गोष्टीला अशी नांगी आमच्या कुणा शिकलेल्या मांडणीकाराला सुचली नसती. तुझ्या आईला रांगोळी येत असेल, मावशीला गोधडी. विचार, त्यात काय आहे. वारल्यांच्या लग्नाचा चौक सुवासिनी काढायच्या, बाहेरच्या जगाला पहिलं नाव माहीत झालं ते जिव्या सोमा म्हशे यांचं. ते थोरच होते, त्यांचा दोष नाही. पण चौक काढणाऱ्या सुवासिनींपैकी किती जणींची नावं आपल्याला ठाऊक आहेत?

आणि चित्रं म्हणजे पोरांचा खेळ, असं दीर पुन्हा म्हणाला तर त्याला कुडाळजवळ पिंगुळीला पाठव. तिथले चित्रकथी एकेक चित्र पुढं करत आख्यान लावायचे, आणि ऐकायला मोठी माणसं बसायची.

*

सुरुवात चारशे पानांनी करू नकोस. चार चौकटींनी कर.

'वर्ल्ड कॉमिक्स इंडिया'चे लोक गावोगाव ज्यांनी कधी चित्र काढलं नाही अशांना एक पद्धत शिकवतात. दोन ए-फोर कागद एकमेकांना चिकटवायचे, चार चौकटी, एक प्रसंग, काळं पेन. झेरॉक्स काढायची आणि भिंतीवर लावायची. तुझं पहिलं पान खाड्याचं असू दे. पहाट, फड, दवाखाना, हिशेबाची वही. कुणाचंही नाव नको. कागद, पेन, झेरॉक्स मिळून शंभर रुपयांत होईल. आधी टोळीतल्या बायकांना दाखव, मग परवानगी घेऊन एसटी स्टँडवर, सरकारी दवाखान्यात लाव. लोक थांबून बघतात का, कुठल्या चौकटीवर बोट ठेवतात, ते लांब उभी राहून बघ. कुठल्याही संपादकापेक्षा जास्त शिकशील.

देवनागरीची एक अडचण सांगते, कारण ती इंग्रजी पुस्तकं बघून कळणार नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी, खाली उकार. इंग्रजीएवढ्या फुग्यात ते मावत नाही, ओळी एकमेकींत अडकतात. म्हणून आधी अक्षरं लिही, मग त्याभोवती फुगा काढ. एका फुग्यात आठ-दहा शब्दांवर जाऊ नकोस. आणि बायकांची बोली साफसूफ करू नकोस. "ते राहू दे माय" हे प्रमाण मराठीत कसं लिहिशील? मरून जाईल ते.

पैशांचं: शाळा सोडू नकोस. यावर घर चालत नाही, कुणी चालतं म्हणालं तर त्याच्या घरात दुसरं कुणी कमावतं का बघ. चित्र देण्याआधी पानाचा दर विचार, चित्राचे हक्क माझ्याकडे राहतील असं लिहून घे, नाव कुठं आणि किती मोठं येणार तेही. दिवाळी अंकांना पाठवायचं तर उन्हाळ्यातच पाठव, श्रावणात त्यांचं सगळं ठरलेलं असतं. त्या कचेरीतल्या साहेबांकडेही पुन्हा जा. चार चौकटींचं पान आणि आकडेवारीचे कागद एकत्र ठेव, आणि बालपुरवणीचं नाव निघालं तर हसून सांग की यातला मजकूर बालकांसाठी नाही.

नवऱ्याचं मला पत्रातून कळत नाही. त्याचं न बोलणं हे नापसंती असेल, किंवा मुकादमाचा विचार त्याच्याही मनात आला असेल आणि तो तुला घाबरवू इच्छित नसेल. चिकटवायला, झेरॉक्सला त्याला बरोबर ने. काम करताना माणसं बोलतात.

टोळ्या ऑक्टोबरात निघतील. त्याआधी पान झालं तर मला पाठव, घडी न घालता, पुठ्ठ्यात घालून. आणि चुंबळ नेमकी कशी वळतात, पदराची का जुन्या धडप्याची, हे मला इतक्या वर्षांत नीट कळलेलं नाही. त्याचं एक चित्र वेगळं काढ.